दोन पट्ट्यांच्या मधला सूर

‘मिले सुर मेरा तुम्हारा’ कुणाचं, असं ओळखीतल्या दहा जणांना विचारून बघा. आठ जण भीमसेन जोशी म्हणतील. एखादा लता मंगेशकरांचं नाव घेईल. ‘आभाळमाया’च्या शीर्षकगीतामुळे अशोक पत्की माहीत असलेला एखादा त्यांचंही नाव घेईल आणि ते बरोबरच असेल. लुई बँक्स हे नाव मात्र बहुतेक कुणी घेणार नाही. १९८८ साली दूरदर्शनवर आलेल्या त्या गाण्याचं संगीत संयोजन या जॅझ पियानोवादकाचं होतं. भैरवीतली एक ओळ भीमसेनांच्या गळ्यातून निघते, भाषा बदलत, ठेके बदलत, वाद्यं बदलत देशभर फिरते आणि शेवटी राष्ट्रगीताच्या सुरावटीपाशी येऊन थांबते. या प्रवासात कुठे गचका बसत नाही. तो बसू नये ही ज्यांची जबाबदारी होती, त्यांतला एक हा माणूस.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात याला इंटिग्रेशन म्हणतात. प्रत्येक तुकडा वेगळ्या टीमने लिहिलेला असतो आणि कुणीतरी ते सगळे एकमेकांशी बोलतील असं करायचं असतं. चाललं तर त्या माणसाचं नाव निघत नाही. अडलं तर सगळे त्याच्याच खुर्चीकडे बघतात.

बँक्स यांचा जन्म १९४१ चा, दार्जिलिंगमधल्या नेपाळी घरातला. वडील ट्रम्पेट वाजवायचे. मुलाचं नाव त्यांनी लुई आर्मस्ट्राँगवरून ठेवलं. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरच्या ब्लू फॉक्स रेस्तराँमध्ये वाजवता वाजवता नाव झालं, आर. डी. बर्मननी मुंबईला बोलावलं आणि पुढे ते मुंबईचेच झाले. जाहिराती, सिनेमा, जॅझ, कर्नाटक गायकी, सगळ्यात हात घातला. अशा माणसाला ‘फ्यूजन’चं लेबल लावून मोकळं होता येतं. पण मला त्या लेबलच्या आतला एक बारीक प्रश्न छळतो. पियानोवाला आणि गाणारा एकत्र येतात, तेव्हा नक्की कोण कुणाला साथ करत असतं? आणि त्यात कुणाला काय सोडून द्यावं लागतं?

बीड जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडावा हे वरवर विचित्र वाटेल. आमच्याकडे पियानो सिनेमातच दिसायचा. पण आमच्याकडे पेटी आहे आणि हरिनाम सप्ताह आहे. सप्ताहातलं कीर्तन ज्यांनी लहानपणी जागून ऐकलंय त्यांना ‘साथ’ शिकवावी लागत नाही. महाराज पुढे उभे असतात, मागे टाळकरी, मृदंग आणि गायनाचार्य. महाराजांचं निरूपण अभंगाच्या चरणापाशी आलं, की मागचे गायनाचार्य तो चरण असा उचलतात की क्षणभर पुढच्या माणसाला थांबावंच लागतं. चांगले महाराज थांबतात. डोळे मिटून ऐकतात, दोन पावलं नाचतात. कच्चे महाराज हात वर करून मागच्यांना आवरायला बघतात. मंडपातल्या म्हाताऱ्यांना हा फरक बरोबर कळतो आणि दुसऱ्या दिवशी पारावर त्याचा निकालही लागतो.

आता पेटीकडे येऊ. हे वाद्य युरोपातून आलं आणि येताना तिकडचा हिशेब घेऊन आलं. त्या हिशेबात सप्तकाचे बारा सारखे भाग असतात. प्रत्येक पट्टी म्हणजे एक ठरलेला सूर, त्याच्या अलीकडे पलीकडे काही नाही. आपलं गाणं मात्र पट्ट्यांच्या मधल्या जागेत बराच वेळ घालवतं. मींड म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणं आणि पेटीला घसरता येत नाही. याच मुद्द्यावर आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. म्हणजे तीसेक वर्षं हे वाद्य सरकारी दृष्टीने अस्पृश्य होतं आणि त्याच वर्षांत ते गावोगावच्या देवळांत, तमाशाच्या राहुट्यांत, भीमजयंतीच्या मंचावर बिनधास्त वाजत होतं. आमच्या शेजारच्या जालन्याचे आप्पा जळगावकर तर थेट भीमसेनांच्या शेजारी बसून ती वाजवायचे. पेटीत नसलेली मींड ते वाजवू शकत नव्हते, कुणीच शकत नाही. पण गवय्या मधल्या जागेत शिरला की कोणती पट्टी दाबायची नाही, हे त्यांना कळत होतं. साथीतलं निम्मं शहाणपण या न दाबण्यात आहे.

ही मधली जागा मला फक्त गाण्यातली वाटत नाही. आमच्याकडून पुण्यात नोकरीला आलेल्या कुणालाही विचारा. पहिल्या सहा महिन्यांत ‘लई’चं ‘खूप’ होतं, ‘कामून’चं ‘का’ होतं, आणि सहा महिन्यांनी मीटिंगमध्ये तो मराठीच बोलेनासा होतो. कुणी जबरदस्ती करत नाही. समोरच्या वाद्याला जेवढ्या पट्ट्या आहेत तेवढेच सूर आपण काढायला लागतो, इतकंच. म्हणून पियानोच्या शेजारी उभा राहिलेला आवाज ऐकताना माझं लक्ष तिथेच जातं. हा गळा मधली जागा सोडून देतोय का? आणि शेजारचं वाद्य त्याला ती सोडायला लावतंय का?

पियानो हा पेटीचा श्रीमंत चुलता असला तरी स्वभावाने वेगळा आहे. पेटीचा सूर भाता चालू असेपर्यंत टिकतो, गळ्यासारखा. पियानोचा सूर वाजला त्या क्षणापासून विझायला लागतो. त्यामुळे तो गाणाऱ्यावर पांघरुणासारखा पसरत नाही. ठिणगी टाकून बाजूला होतो. दुसरं म्हणजे पेटीवाल्याचा एक हात भात्यात अडकलेला असतो. पियानोवाल्याचे दोन्ही हात मोकळे, म्हणून तो एका वेळी चार-सहा सूर दाबून स्वरांचा गुच्छ उभा करतो. यालाच कॉर्ड म्हणतात. आणि इथूनच आपल्या कानाची खरी परीक्षा सुरू होते.

आपल्याकडे तानपुऱ्याचा सा हलत नाही. मैफल संपेपर्यंत तो मैलाच्या दगडासारखा जागेवर असतो. जॅझमध्ये दगडच उचलून दुसरीकडे ठेवतात. गाणारी एकच सूर धरून उभी असते आणि पियानोवाला तिच्या खालचा गुच्छ बदलतो. सूर तोच, पण त्याचं नातं बदललं. गावात जो धाकटा भाऊ असतो तोच सासुरवाडीला गेला की जावई होतो आणि शाळेत गेला की मास्तर. माणूस तोच, पण प्रत्येक ठिकाणी त्याची बसायची जागा वेगळी. चांगला जॅझ पियानोवादक गाणाऱ्याला एका ओळीत चार घरं फिरवून आणतो. वाईट पियानोवादक तिला प्रत्येक घरात ओढत नेतो.

मधल्या जागेचं काय, या प्रश्नाला जॅझवाल्यांनी दोन उत्तरं शोधली. ब्लूजमधला जो खास दुखरा सूर आहे, तो कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये कुठेतरी असतो. पियानोवर तो नाही. मग वादक दोन्ही शेजारच्या पट्ट्या चिरडल्यासारख्या एकदम दाबतात आणि मधला सूर आहे असा भास निर्माण करतात. दुसरं उत्तर आप्पांचंच आहे: सोडून देणं. बिल एव्हान्ससारखा वादक गुच्छातला मूळ सूरच वगळायचा, तो बासवाल्यावर सोपवायचा. गुच्छ हलका झाला की आतून वारा जातो आणि गळ्याला हलायला जागा मिळते.

आता दुसऱ्या बाजूचा गळा. सोल म्हणजे गहिवरून, तोंड वेडंवाकडं करून गाणं असा रिॲलिटी शोमुळे समज झालाय. सोलचं मूळ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये आहे. १९५४ साली रे चार्ल्सने देवाच्या गाण्याची धाटणी घेतली, तिच्यात बाईवरचं प्रेम भरलं, पियानोवर बसून ते गायलं आणि चर्चवाले भडकले. देवाला हाक मारायची जी रीत होती तीच रस्त्यावर आणली, हा त्याचा गुन्हा. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. प्रल्हाद शिंदेंचा आवाज आठवा. विठ्ठलाचं गाणं, बाबासाहेबांचं गाणं, हसतखेळत फिरकी घेणारं लोकगीत, तिन्हींना गळा तोच आणि हाक तीच. त्या आवाजाला कुणी सोल म्हटलं नाही, कारण आपल्याकडे त्याला नाव द्यायची गरज पडली नाही. कॅसेट वाजली की कळायचं.

या दोन्ही गोष्टी एकत्र कशा येतात याचा आजचा सगळ्यात ओळखीचा नमुना म्हणजे रॉबर्ट ग्लास्परचा ‘ब्लॅक रेडिओ’, साल २०१२. ग्लास्पर ह्यूस्टनचा जॅझ पियानोवादक. त्याची आई चर्चमध्ये आणि क्लबात गाणारी, पियानो वाजवणारी. या अल्बममध्ये त्याने एरिका बाडू, बिलाल, लेडिसी, लाला हॅथवे अशा आवाजांना बोलावलं. जॅझ, हिपहॉप, सोल असं सगळं एका भांड्यात. त्याला ग्रॅमी मिळालं ते आर अँड बी विभागात. जॅझवाल्याला जॅझच्या बाहेरचं बक्षीस मिळालं, यावर तेव्हा खूप लिहून आलं.

यातलं शादेचं ‘चेरिश द डे’ लाला हॅथवेने गायलंय, ते मी शेकडो वेळा ऐकलं असेल. हॅथवेचा आवाज खर्जाकडचा, गडद, गुऱ्हाळातल्या कढईत पाक घट्ट होत यावा तसा. ती डॉनी हॅथवेची मुलगी. बाप स्वतः पियानो वाजवून गायचा, म्हणजे पियानोवादक आणि सोल गायक एकाच खुर्चीवर. ग्लास्पर तिच्याखाली फार कमी वाजवतो. ती सुराच्या खालच्या काठावर रेंगाळते तेव्हा तो हात उचलून घेतो. ही साथ अस्सल आहे. तरी या अल्बमबद्दल माझी एक तक्रार आहे. सगळं फार गुळगुळीत आहे. दहा-बारा पाहुणे येतात, प्रत्येकाला तोच मऊ सोफा. कुणी कुणाला अडवत नाही, कुणी घसरत नाही. कॅफेत मागे लावून लॅपटॉपवर काम करता येतं, आणि मी केलंय. ज्या गाण्यावर काम करता येतं त्यात काहीतरी कमी आहे असं मला वाटतं.

याच गायिकेचं दुसरं टोक बघायचं तर स्नार्की पपी या बँडबरोबरचं ‘समथिंग’ बघा. २०१३ च्या अल्बममधलं आहे, त्यालाही ग्रॅमी मिळालं. शेवटाकडे ती एकाच गळ्यातून एका वेळी एकाहून जास्त सूर काढते. म्हणजे पियानोवाल्याची कॉर्ड तीच गाऊन दाखवते. त्या क्षणी मागच्या वादकांचे चेहरे बघा. धक्का, हसू, ‘हे काय झालं’ असा भाव. सप्ताहातले डोळे मिटून थांबणारे महाराज मला तिथे दिसतात. साथ करणाऱ्याला आश्चर्य वाटण्याची जागा शिल्लक होती, म्हणून ते गाणं जिवंत आहे.

आता आपल्याकडचं उदाहरण. २००८ साली ‘माइल्स फ्रॉम इंडिया’ नावाचा अल्बम आला. माइल्स डेव्हिसच्या रचना भारतीय आणि अमेरिकन वादकांनी मिळून वाजवलेल्या. त्यात ‘ब्लू इन ग्रीन’ आहे. त्यावर लुई बँक्स यांचा पियानो आहे आणि शंकर महादेवन यांचा गळा. महादेवन चेंबूरचे, श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेले, आणि आमच्या जातकुळीचे: संगणक अभियांत्रिकीची पदवी घेऊन काही काळ सॉफ्टवेअरची नोकरी केलेले. हॉस्टेलवर हे वाक्य आम्ही एकमेकांना धीर द्यायला वापरायचो.

मूळ ‘ब्लू इन ग्रीन’ १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधलं. अवघ्या दहा मात्राखंडांचं चक्र, जिथे संपतं तिथेच सुरू होतं, त्यामुळे समेवर आल्याचं समाधान कधी नीट मिळत नाही. कव्हरवर श्रेय माइल्स डेव्हिसचं. पियानोवर बसलेला बिल एव्हान्स मात्र आयुष्यभर सांगत राहिला की रचना त्याची होती. हा वाद कधी पुरता मिटला नाही. पियानोवाल्याचं नाव पुसट होण्याची गोष्ट ‘मिले सुर’च्या कितीतरी आधीची आहे.

२००८ च्या रूपात महादेवन आलापीने येतात. शब्द नाहीत, त्यामुळे गळा मोकळा आहे. समेची वाट न बघता ते त्या चक्रावरून तरंगतात. बँक्स खाली एव्हान्सच्या वाटेने चालतात, हलके गुच्छ, भरपूर मोकळी जागा. आवाज मधल्या जागेत शिरला तर वाद्य आडवं येत नाही. ऐकायला फार सुंदर आहे. पण दोघंही एकमेकांशी फार अदबीने वागतात. आलाप पियानोचं घर बदलत नाही, पियानो आलापाला नव्या घरात नेत नाही. ‘आधी तुम्ही’, ‘नाही नाही, तुम्ही’ असं दारातच चाललेलं असतं आणि तेवढ्यात गाणं संपतं. फ्यूजन म्हणून आपल्याकडे जे काही होतं त्यातला मोठा भाग या दारातच अडकतो. महादेवन आणि बँक्स, शिवमणी आणि कार्ल पीटर्सना घेऊन ‘सिल्क’ या नावाने एकत्र वाजवत तेव्हा मात्र हा संकोच गळून पडायचा. तिथे तालाची रेटारेटी असते, गळ्याला उत्तर द्यावंच लागतं. आणि बँडचं नावही कुणा एकाचं नाही, चौघांच्या नावांतल्या अक्षरांचं आहे.

अदब नसली की काय होतं, हे ऐकायचं तर गोव्याकडे वळावं लागतं. ख्रिस पेरी मडगावचे, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे बँडप्रमुख. लोर्ना कोर्देरो वांद्र्यात वाढलेली, त्यांच्याहून बरीच लहान गायिका. साठीच्या दशकात मुंबईच्या हॉटेलांत आणि कोंकणी रेकॉर्डवर या दोघांनी जे केलं, त्याच्या जवळपास आजही कुणी पोचलेलं नाही. पेरींनी जॅझच्या चौकटीत कोंकणी शब्द बसवले आणि लोर्नाने ती चौकट रोज थोडी वाकवली. ब्रास तिला ढकलतो, ती उलट ढकलते. तिचा आवाज खरबरीत आहे, थट्टेखोर आहे, मधेच फाटतो आणि फाटल्याचं तिला काही वाटत नाही. आपल्या भूमीतला सोल गळा म्हणून मला एकच नाव घ्यायला सांगितलं तर प्रल्हाद शिंदेंच्या जोडीला मी हिचं घेईन.

पण या जोडीला दुसरी बाजू आहे. पेरींबरोबरच्या कराराने लोर्नाला दुसऱ्या कुणाबरोबर गायला मनाई होती. दोघं दुरावली आणि तिचा आवाज वीसेक वर्षं मंचावरून नाहीसा झाला. १९९५ मध्ये ती परत उभी राहिली. ‘नाचुंया कुंपासार’ हा कोंकणी सिनेमा या दोघांवरून सुचलेला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. सिनेमात ही गोष्ट प्रेमाची म्हणून येते आणि प्रेम असेलच. पण करार वाचणाऱ्या पिढीचा माणूस म्हणून माझं लक्ष त्या वीस वर्षांकडे जातं. एखाद्या आवाजाचं विशी-पंचविशीनंतरचं सगळं बहरायचं वय त्यात गेलं. लोर्नाची जुनी गाणी ऐकताना ती जी उलट ढकलते ना, ते ढकलणं मला आता फक्त संगीतातलं वाटत नाही. आणि तरी ती गाणी त्या माणसाशिवाय झाली नसती, हेही तितकंच खरं. या दोन वाक्यांपैकी एक खोडून टाकावं म्हणजे ऐकणं सोपं होईल, असं खूपदा वाटतं. खोडता येत नाही.

म्हणजे एकत्र येण्याच्या तीन तऱ्हा झाल्या. ‘ब्लॅक रेडिओ’त यजमानाचं नाव मोठं आणि गाणारे पाहुणे. ‘मिले सुर’मध्ये गाणारे दिसतात आणि बांधणारा पडद्यामागे. पेरी-लोर्नात दोघंही दिसतात, पण कागद एकाच्या खिशात. कानाला काय आवडलं एवढ्यावर निकाल लावायचा तर मी लोर्नाला पहिला नंबर देईन. पण साथ म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचंय त्याला ‘समथिंग’मधले ते चेहरे दाखवीन. समोरचा आपल्या पट्ट्यांच्या बाहेरचा सूर काढतोय, हे ऐकून ज्याला आनंद होतो, तो साथीदार.

आपण सगळे फोनवर ऐकतो, आणि फोनच्या पडद्यावर नावाला एकच ओळ असते. बाकीची नावं ‘क्रेडिट्स’ नावाच्या कोपऱ्यात दोन टॅप आत, तीही असली तर. डेटाच्या तक्त्यात एक रकाना कमी ठेवणं फार सोपं असतं, मी ते काम जवळून बघतो. रकाना नसला की माणूसही नसतो. म्हणून पुढच्या वेळी एखादा आवाज काळजाला भिडला तर तेवढे दोन टॅप करा. पियानोवर कोण होतं ते बघा, मग तेच गाणं पुन्हा लावा आणि या खेपेला गळा सोडून फक्त खालचे हात ऐका. ते कुठे दाबतायत त्यापेक्षा कुठे थांबतायत ते ऐका. गावी गेलात आणि सप्ताह चालू असला तर मंडपात महाराजांच्या बाजूला बसू नका. मागे, पेटीवाल्याच्या शेजारी जागा असते. तिथून सगळंच वेगळं ऐकू येतं.